अँफिडिस्क आणि हेक्सॅस्टर एकाच स्लाइडवर. नवी प्रजाती म्हणायची का?

वेंगुर्ल्याचा_बाबू

नमस्कार मंडळी. गोव्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी सरांनी एक जुनी बरणी हातात दिली आणि ते स्वतः परिषदेला निघून गेले. लेबलवर एवढंच: अंदमान समुद्र, ट्रॉल (तळावरून ओढायचं जाळं), साधारण 1,100 मीटर, काचस्पंज. आत एक बऱ्यापैकी शाबूत नमुना आहे आणि तळाशी बराच चुरा.

नमुना असा: अंडाकृती धड, मुठीपेक्षा थोडं मोठं. खालून काचेच्या धाग्यांचा पिळलेला जुडगा निघतो, लांबी वीतभर. जुडग्याच्या वरच्या अर्ध्या भागावर तपकिरी, चामड्यासारखी साल आहे आणि तिच्यावर बारीक बारीक फोड. पृष्ठभागाचा एक तुकडा ब्लीचमध्ये टाकून स्पिक्यूल, म्हणजे सांगाड्याचे काचेचे काटे, वेगळे केले. ग्लिसरीनमधल्या स्लाइडवर जवळजवळ काहीच दिसेना. डीपीएक्समध्ये (स्लाइड कायमची बसवायचा चिकट द्रव) केली तेव्हा अँफिडिस्क, म्हणजे दांडीच्या दोन्ही टोकांना छत्री असलेले स्पिक्यूल, स्पष्ट दिसल्या. म्हणजे हायलोनेमा या काचस्पंजाच्या वंशाच्या जवळपासचं काहीतरी, इथपर्यंत मी आलो.

पण त्याच स्लाइडवर हेक्सॅस्टरही आहेत! सहा किरणं आणि प्रत्येक टोकाला फांद्या. सगळी पुस्तकं सांगतात की हे दोन प्रकार दोन वेगळ्या उपवर्गांचे आहेत. शिवाय अशी साल मला कुठल्याच वर्णनात सापडली नाही. खोलीतला मित्र म्हणतो, नवी प्रजाती सोड, नवा वंशच आहे. नावही मनात तयार आहे, आजीच्या नावावरून. पुढे काय करू? डीएनए करायचा का? आणि एकच नमुना असताना वर्णन चालतं का?

---

देवगडचो_अण्णा

आमच्या जाळ्यात असला काय कधी गावाक नाय.

1,100 मीटर म्हणजे सहाशे वाव झालं रे. आमच्या पट्टीच्या होड्या त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत फिरतात. एक विचारतो, राग मानू नका: स्पंज म्हणजे मऊ ना? मग काचेचा कसा? आणि हे किती वर्षं जगतं? तुम्ही तपासलात की जरूर लिहा.

---

स्लाइडवाली

बाबू, आधी तुझ्या मित्राला गप्प कर.

ज्या स्लाइडवर अँफिडिस्क आणि हेक्सॅस्टर दोन्ही दिसतात, त्या स्लाइडवर दोन स्पंज आहेत. आजच्या जिवंत काचस्पंजांचे दोनच उपवर्ग आहेत, अँफिडिस्कोफोरा आणि हेक्सॅस्टेरोफोरा, आणि ही विभागणीच मुळी या दोन सूक्ष्म स्पिक्यूलांवर उभी आहे. ट्रॉलच्या पिशवीत दहा प्रकारचे प्राणी एकमेकांवर घासत वर येतात, मग एका टबात पडतात, मग एका बरणीत. काचस्पंजाचं अंग जाळीसारखं पोकळ. शेजाऱ्याचा चुरा त्यात अडकला की वर्षानुवर्षं तिथेच. समुद्राच्या तळावरसुद्धा मेलेल्या स्पंजांचे स्पिक्यूल गाळात पडलेले असतात आणि तेही अंगात शिरतात. माझ्या नोकरीत मी स्पंजांच्या स्लाइडी करण्यातच आयुष्य घालवलं. तिथे "नवा वंश" म्हणून उड्या मारत येणारी मुलं बहुतेक वेळा शेजाऱ्याचे स्पिक्यूल मोजून आलेली असत.

खात्री कशी करायची ते सांगते. पृष्ठभागाचा तुकडा विसर. धड स्पिरिटमध्ये हलक्या हाताने खळबळून घे, ब्लेड बदल आणि आतल्या गाभ्यातून लहान तुकडा काप. तो वेगळ्या नळीत. कातडीचा, आतल्या पोकळीच्या अस्तराचा, जुडगा जिथे धडात शिरतो तिथला आणि तळाच्या चुऱ्याचा, असे सगळे वेगवेगळ्या नळ्यांत. एकत्र उकळलेला स्पंज म्हणजे मोडलेलं वर्णन. कुठला स्पिक्यूल शरीरात कुठे होता ही निम्मी माहिती असते आणि ती एकदा गेली की परत मिळत नाही.

दुसरं, न विरघळवलेला काप कर. कातडीचा पातळ पापुद्रा काढ, स्पिरिटच्या पायऱ्यांनी पाणी काढ, झायलीन, मग डीपीएक्स. त्यात प्रत्येक स्पिक्यूल जागच्या जागी दिसतो. हायलोनेमात पृष्ठभागावर पिन्यूल उभे असतात: काटेरी किरण बाहेर आणि बाकीचे चार आडवे टेकलेले. अँफिडिस्क त्यांच्या आसपास ओळीने दिसतील. परका स्पिक्यूल मात्र असा मांडून बसलेला नसतो, वेडावाकडा कुठेतरी पडलेला असतो. एकदा बघितलंस की विचारायची गरज उरणार नाही.

ग्लिसरीनमध्ये दिसलं नाही याचं कारण साधं आहे. ग्लिसरीनचा अपवर्तनांक 1.47 आणि स्पंजाच्या सिलिकाचाही त्याच्या अगदी जवळ. दोन्ही सारखे असले की प्रकाश वळत नाही आणि काच काचेत नाहीशी होते.

ब्लीचबद्दल दोन धमक्या. ब्लीचच्या नळीत आम्ल कधीही ओतायचं नाही, क्लोरीन सुटतो. आणि ब्लीच पूर्ण धुतल्याशिवाय स्पिरिटही नाही. डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धू, पण घाईने वरचं पाणी ओतून देऊ नकोस. रात्रभर खाली बसू दे. सगळ्यात लहान अँफिडिस्क वीस-तीस मायक्रॉनच्या असतात, त्या पाण्याबरोबर गटारात जातात आणि मग माणूस लिहितो की "मायक्रअँफिडिस्क आढळल्या नाहीत". छापील वर्णनांतल्या अशा "आढळल्या नाहीत"वर माझा फारसा विश्वास नाही.

आता साल. ती स्पंजाची नाहीच. ते झोअँथिड आहेत, प्रवाळांच्या जवळचे वसाहती प्राणी. फोड म्हणतोस ते त्यांचे मिटलेले पॉलिप. हायलोनेमाच्या देठावर त्यांचं बिऱ्हाड नेहमीचं. आणि याने फसणारा तू पहिला नव्हेस. जपानहून हे काचेचे जुडगे शोभेची वस्तू म्हणून युरोपात जायचे. ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1835 मध्ये *हायलोनेमा सीबोल्डी*चं वर्णन केलं तेव्हा त्यांनी सालीसकट तो जुडगा प्रवाळाचाच मानला. खालचा स्पंज त्यांच्या लेखी परका. पुढे पंचवीस वर्षांनी, 1860 मध्ये, मॅक्स शुल्ट्झे यांनी स्पिक्यूल तपासून दाखवलं की काच स्पंजाची आणि पॉलिप भाडेकरू. ग्रे यांना ते बराच काळ पटलं नाही. साल वेगळी काढून ठेव, झोअँथिडवाल्यांना तिच्यात रस असतो.

अण्णा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आंघोळीचा स्पंज मऊ, कारण त्यात लवचिक तंतू असतात. यांच्यात सांगाडा सिलिकाचा, म्हणजे काचेच्याच जातीचा. समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं सिलिका शोषून हे प्राणी थंडगार पाण्यात काच घडवतात, भट्टी लागत नाही. मूळ आकार तीन अक्ष, एकमेकांना काटकोनात, म्हणून सहा किरण. आयुष्याचं म्हणाल तर *मोनोऱ्हॅफिस चुनी* नावाचा एक आहे, एकाच जाड स्पिक्यूलवर उभा राहतो. तो एक स्पिक्यूल तीन मीटरपर्यंत लांब आणि बोटाएवढा जाड. पूर्व चीन समुद्रातून 1986 मध्ये काढलेल्या अशा एका स्पिक्यूलच्या थरांचं रासायनिक विश्लेषण 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. वय निघालं सुमारे 11,000 वर्षं, तीन हजार इकडे-तिकडे. सगळे इतके जगतात असं नाही हो.

---

ब्रेमेनकर

ताईंनी मुख्य ते सांगितलंच आहे, मी फक्त डीएनएपुरतं लिहितो.

बाबू, नमुना कशात ठेवला होता ते आधी शोध. जुन्या बरण्या पुष्कळदा आधी फॉर्मॅलिनमध्ये आणि नंतर स्पिरिटमध्ये गेलेल्या असतात. तसं असेल तर डीएनए तुकड्या-तुकड्यांत मिळेल किंवा मिळणारच नाही. थेट स्पिरिटमधला असेल तर प्रयत्न कर, पण सालीपासून आणि बाहेरच्या चुऱ्यापासून लांबचा तुकडा घे. काचस्पंजात मुळात मांस कमी, सुक्या वजनात बहुतांश सिलिका. त्यात सर्वसाधारण सीओआय प्रायमर (प्राणी ओळखायच्या जनुकाच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरलेस की झोअँथिडचा जनुक आनंदाने वाढतो आणि तू महिनाभर पॉलिपचा क्रम बघत बसतोस. आमच्याकडे 16एस आणि 28एस हे जनुकही करतात.

आणि क्रम आला म्हणजे प्रजाती ठरली असं समजू नकोस. डेटाबेसमध्ये काचस्पंजांच्या थोड्याच प्रजाती आहेत. "कशाशीच जुळत नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "जिच्याशी जुळायला हवं तिचा क्रम कुणी केलेलाच नाही". वर्णन शेवटी स्पिक्यूलांवरच होतं.

बातम्यांत हे उलटं दिसतं, म्हणून एक उदाहरण. *अ‍ॅडव्हेना मॅग्निफिका*चा फोटो तू पाहिला असशील: लांब देठावर डोकं आणि त्यात दोन मोठी भोकं, परग्रहावरून आल्यासारखं ध्यान. अमेरिकेच्या ओकेआनोस एक्सप्लोरर जहाजाच्या मोहिमेत तो पॅसिफिकमधून 2016 मध्ये गोळा केला. नवा वंश आणि नवी प्रजाती म्हणून वर्णन छापून आलं 2020 मध्ये. मधली वर्षं चेहऱ्याकडे बघण्यात नव्हे, स्पिक्यूल मोजण्यात आणि जवळच्या वंशांशी ताडून बघण्यात गेली. रोबोटच्या चित्रफितीवरून काम करणारे आम्ही लोक तर बहुतेक वेळा कुळ किंवा वंशापाशी थांबतो आणि पुढे "अनिश्चित" लिहितो. लाज वाटायचं कारण नाही.

---

वेंगुर्ल्याचा_बाबू

मॅडम, दादा, खूप आभार. सांगितलं तसं केलं.

गाभ्याच्या नळीत हेक्सॅस्टर एकही नाही. कापात पिन्यूल आणि अँफिडिस्क जागेवर दिसतात. हेक्सॅस्टर मिळतात ते पृष्ठभागाच्या खळबळलेल्या स्पिरिटमध्ये आणि तळाच्या चुऱ्यात, चुऱ्यात तर भरपूर. त्यातल्या काहींच्या फांद्या फुलासारख्या बाहेर वळलेल्या आहेत, टोकाला दाते.

अँफिडिस्कचे मला तीन आकार वाटतात, पण मधला आणि मोठा यांची सीमा कुठे धरायची ते कळत नाही. आणि इथून पुढे प्रजातीपर्यंत कसं जायचं? हायलोनेमात शंभराच्या वर प्रजाती दिसतात. मी घाबरलो.

---

स्लाइडवाली

घाबर, हरकत नाही. घाबरलेला माणूस नीट मोजतो.

आधी चुऱ्याचं. फुलासारख्या वळलेल्या, दातेरी फांद्या म्हणजे फ्लोरिकोम, आणि फ्लोरिकोम म्हटलं की युप्लेक्टेलिडी हे कुळ डोळ्यांपुढे येतं, व्हीनसची फुलपरडी ज्यात येते ते. म्हणजे बरणीत दुसरा स्पंजही आहे. चुरा फेकू नकोस. वेगळ्या बरणीत काढ, वेगळा क्रमांक दे, आणि मूळ लेबलची नक्कल दोन्हीकडे घाल. लेबल पेन्सिलने. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये उतरते आणि पुढच्या पिढीला कोरा कागद मिळतो.

आता मोजमाप. डोळ्यांनी "तीन आकार" म्हणायचं नाही. प्रत्येक दिसेल त्या अँफिडिस्कची लांबी मोज, निवडून नव्हे, स्लाइडवर ओळीने जात. पन्नास तरी. मग आलेख काढ. कुबडं किती येतात ते बघ. तीन वेगळी कुबडं आली तर मायक्र, मेस, मॅक्र (लहान, मधला, मोठा) असे तीन वर्ग. मधलं आणि मोठं एकमेकांत मिसळलं तर ते एकच, आणि तसंच लिही. लांबीबरोबर छत्रीची रुंदी, छत्रीची खोली, दात किती आणि टोकदार की बोथट, दांडीवर गाठी आहेत की गुळगुळीत, हेही. पिन्यूलची एकूण उंची आणि काटे कुठून सुरू होतात ते. हायलोनेमाचे उपवंश याच गोष्टींवर पाडले आहेत, धडाच्या आकारावर नाही. धड काय, ट्रॉलमध्ये चेपलं की गोलाचं चपटं होतं.

मग एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. स्टबवर (धातूच्या छोट्या चकतीवर) सुकव, सोन्याचा मुलामा, प्रत्येक प्रकाराचा पूर्ण फोटो आणि टोकाचा जवळून फोटो, मापपट्टीसह. दात आणि गाठी साध्या सूक्ष्मदर्शकात खात्रीने दिसत नाहीत.

आणि मग वाचन, जे तुमची पिढी टाळते. अंदमान समुद्र म्हटलास, म्हणजे तुला इन्व्हेस्टिगेटर जहाजाकडे जाणं भाग आहे. रॉयल इंडियन मरीन सर्व्हेचं हे जहाज एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या समुद्रांत खोलवर ट्रॉल टाकत फिरलं. आल्फ्रेड अल्कॉक त्याच्यावर सर्जन-निसर्गशास्त्रज्ञ होते. काचस्पंज गेले बर्लिनला फ्रान्झ आइलहार्ड शुल्झे यांच्याकडे. हे वरच्या मॅक्सपेक्षा वेगळे, गोंधळू नकोस. चॅलेंजर या ब्रिटिश समुद्रमोहिमेच्या काचस्पंजांचा 1887 चा अहवालही यांचाच. इन्व्हेस्टिगेटरच्या संग्रहावर त्यांनी 1890 च्या दशकात एकामागून एक लेख लिहिले आणि 1902 मध्ये कलकत्त्यातून सगळ्याचा एकत्र ग्रंथ इंग्रजीत निघाला. *हायलोनेमा अल्कॉकी* त्यातलीच. *फेरोनेमा रॅफॅनस*सुद्धा. जुने ग्रंथ स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहेत, सबब चालणार नाही. चित्रं हाताने काढलेली आहेत आणि आजच्या कित्येक फोटोंपेक्षा जास्त सांगतात.

तक्ता कर. तुझा नमुना एका स्तंभात, हिंदी महासागरातल्या हायलोनेमाच्या प्रजाती बाकीच्या स्तंभांत. प्रत्येकीची अँफिडिस्क, पिन्यूल, मापं. बहुतेक पहिल्याच नजरेत गळतील, दोन-तीन उरतील. त्या दोन-तिघींचं छापील वर्णन शंभर वर्षांपूर्वीचं असणार, मेसअँफिडिस्क वगैरे काही ठिकाणी मोजलेल्याच नसणार. तिथे वाचन संपतं आणि मूळ नमुना बघावा लागतो. इन्व्हेस्टिगेटरचा संग्रह कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचा. 1916 मध्ये झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन झाल्यावर प्राण्यांचे संग्रह त्यांच्याकडे आले. प्रश्न तिथे विचार. नवी प्रजाती जाहीर करणारे शोधनिबंध मी पुष्कळ वाचले. ज्यांत मूळ नमुना पाहिल्याचा उल्लेख नसतो ते मी बाजूला ठेवते. हे माझं मत, सगळ्यांना पटतं असं नाही.

एकाच नमुन्यावर वर्णन चालतं का? नियमाने चालतं. खोल समुद्रात दुसरा मिळायला दशकं जातात, म्हणून कित्येक प्रजाती एकेकट्या नमुन्यावर उभ्या आहेत. पण तुझ्या मापांतला फरक प्रजातीचा की वयाचा, हे एकट्या नमुन्यावरून सांगता येत नाही. तेव्हा फरक नुसता आकड्याचा असेल, म्हणजे त्यांची 180 मायक्रॉन आणि तुझी 210, तर नवी म्हणू नकोस. एखादा पूर्ण प्रकारच जास्त असेल किंवा दातांची घडण वेगळी असेल तर बोलू.

नाव. हे मोठ्या अक्षरात समज. प्रबंध म्हणजे नियमाच्या दृष्टीने प्रकाशन नव्हे. तिथे किंवा इथे नाव टाकलंस तर ते ग्राह्य धरलं जात नाही, वर गोंधळ होतो. नवं नाव लागू व्हायला रीतसर प्रकाशन हवं, त्यात होलोटाइप (नाव ज्याच्यावर टेकतं तो एक नमुना) नेमका कुठला आणि कुठे ठेवला आहे ते लिहिलेलं हवं, आणि प्रकाशन फक्त ऑनलाइन असेल तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत, नोंदही. आपल्याकडे 2002 च्या जैवविविधता कायद्याचं कलम 39 आहे: नवा जीव सापडला तर नेमलेल्या भांडाराला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) अशा भांडारांपैकी एक आहे, तू तर गावातच आहेस. तोवर प्रबंधात "*हायलोनेमा* एसपी." (म्हणजे वंश ठरला, प्रजाती नाही) एवढंच लिही. परीक्षक नाराज होणार नाहीत. झालेच तर त्यांना काचस्पंज माहीत नाहीत.

अण्णा परत विचारतील, एवढ्या खटपटीचा उपयोग काय? मध्य हिंदी महासागराच्या तळावर बहुधात्विक गोटे आहेत. तिथल्या 75,000 चौरस किलोमीटरच्या शोधाचा भारताचा करार 2002 पासूनचा. गाळाच्या मैदानात स्पंजाला धरायला कठीण जागा त्या गोट्यांचीच. ते उचलण्याआधी तिथे कोण राहतं याची यादी हवी, आणि "स्पंज क्रमांक 4" अशी यादी कुठल्याच दुसऱ्या यादीशी जुळवता येत नाही.

कोलकात्याला लिहिताना अर्ज सरांच्या सहीने कर. नुसतं "हायलोनेमा बघायचे आहेत" असं लिहू नकोस, शुल्झेच्या ग्रंथातलं नाव, पान आणि स्थानक क्रमांक दे, म्हणजे बरणी शोधणाऱ्याचा दिवस वाचतो. सोबत तुझा तक्ता आणि एसईएमचे फोटो जोड. आणि जाताना आयपीस मायक्रोमीटर (सूक्ष्मदर्शकात बसवायची मापपट्टी) स्वतःचा ने, इथेच तपासून घेतलेला.